भरतीच्या रेषेखालचं शहर

तुम्ही खैराच्या रानात उभे आहात. उन्हाळा संपत आलाय. झाडांवर पानं कमी, काटेच जास्त. पूर्वेकडे दूरवर कर्नाळ्याचा सुळका दिसतो, माणूस मात्र कुठेच दिसत नाही. ही जागा नीट पाहून ठेवा. कित्येक हजार वर्षांनी मुंबईची गोदी इथेच खणली जाणार आहे, पण त्याआधी इथे पाणी येणार आहे. जमीन खचते आहे की समुद्र चढतो आहे, हे इथे उभं राहून कळत नाही. एवढंच दिसतं, की उधाणाची भरती दर पिढीला थोडी आणखी आत येते. मुळांशी खारं पाणी साचतं, झाडं उभ्या उभ्या मरतात, बुंध्यांवर गाळ बसत जातो. वर उरतात त्या टेकड्या. भरतीला त्या बेटं होतात आणि सुकतीला त्यांच्यामध्ये नुसता चिखल असतो.

पुढचा मुक्काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. तुम्ही तांबड्या समुद्रातून आलेल्या जहाजावर आहात. जुलैत मिसरच्या किनाऱ्यावरून निघालात, नैऋत्येच्या वाऱ्याने शिडं भरली आणि पावसाळा सरता सरता तुम्ही कोकणाला लागलात. परतायचं तर ईशान्येचा वारा सुटेपर्यंत इथेच थांबायचं. माल उतरतो सोपाऱ्याला, कल्याणला, चौलला. कल्याणच्या खाडीकडे जाताना डाव्या हाताला ती दलदलीची बेटं मागे पडतात, पण जहाजावरचं कुणी त्यांच्याकडे मान वळवूनही पाहत नाही.

हाताशी वेळ आहे, तर साष्टीच्या डोंगरात कान्हेरीच्या लेण्यांत जाऊन या. सोपाऱ्याच्या आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी इथे दानं दिली आहेत, त्यांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत. तुम्ही मात्र पायाखाली पाहा. लेण्यालेण्यापाशी पाण्याचं टाकं आहे आणि खडकावर बोटभर रुंदीच्या पन्हाळी खोदल्या आहेत. डोंगरावर पडलेला पाऊस कुठून उतरेल आणि कुठे थांबेल, हे आधी ठरवलं आणि मग छिन्नी हातात घेतली. इथल्या पाण्याचा इतक्या काळजीने विचार पुढच्या शतकांत फार थोड्यांनी केला.

शतकं भराभर जातात. १५३४मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह वसईसोबत ही बेटं पोर्तुगिजांच्या हवाली करतो. १६६१मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली जाते आणि मुंबई तिच्यासोबत आंदण जाते. फेब्रुवारी १६६५मध्ये हम्फ्री कुक बेटाचा ताबा घेतो, तेव्हा तुम्ही किनाऱ्यावरच्या माडांत उभे आहात. नाकाला पहिल्यांदा जाणवतो तो कुजक्या मासळीचा वास, कारण इथे माडाच्या मुळाशी खत म्हणून मासळी पुरतात. तीन वर्षांत राजा हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन मोकळा होतो.

दहा पौंडांत कंपनीला काय मिळालं, ते पाहायचं तर जुलैत बेटाच्या पूर्व बाजूला जा. पश्चिमेला समुद्र खडकांवर आपटतो आहे, लाटांचा फेस वाऱ्याबरोबर जमिनीवर उडतो आहे. बेट ओलांडून पूर्वेला उतरलात की पाणी खोल आणि बऱ्यापैकी शांत. बेटाचं अंगच नैऋत्येच्या वाऱ्याला अडवून उभं आहे. सुरतेची जहाजं तापीच्या मुखाबाहेर सुवाळीच्या उघड्या किनाऱ्याशी नांगरावर असतात आणि १६६४ व १६७०मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटल्यापासून तिथली गोदामंही सुरक्षित वाटेनाशी झाली आहेत. १६८७मध्ये कंपनी आपलं पश्चिमेचं ठाणं सुरतेहून मुंबईला हलवते. पुढे जे जे झालं, त्याच्या मुळाशी ही निवाऱ्याची खोल जागा आहे.

जहाजाला निवारा मिळाला, माणसाला नाही. विलायतेहून आलेला गडी इथे दोन पावसाळे काढतो आणि तिसरा पाहत नाही, असं किल्ल्यातली मंडळी बोलतात. तापाने माणसं पटापट मरतात. दोष सगळे हवेला देतात, दलदलीवरच्या डासाकडे कुणाचं लक्षच नाही. आणि दलदल तर बेटाच्या मधोमध आहे. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडीतून भरतीचं पाणी आत घुसतं आणि थेट पायधुणीपर्यंत येऊन पोचतं.

ती खिंड बुजवायचं काम चालू असताना तुम्ही तिथे आहात. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीचा काळ, १७८४च्या आधीची काही वर्षं. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया-माणसांची रांग संपता संपत नाही. दगड पडतो, माती पडते, भांगाच्या दिवसांत बांध चार हात पुढे सरकतो आणि अमावास्येच्या उधाणात खचतो. महालक्ष्मीची मूर्ती याच पाण्यातून मिळाली आणि तिचं देऊळ बांधल्यावर बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाला देवीने स्वप्नात दर्शन दिलं, असं ती सांगते. तो रामजी आख्यायिकेमुळे निदान आठवणीत राहिला. पाट्या वाहणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. तेलंगणातून बांधकामावर आलेल्या कामाठ्यांची वस्ती मात्र पुढे शहरात कायमची झाली.

बांध पुरा होतो, आणि मुंबईच्या इतिहासातली माझ्या मते सर्वांत मोठी घटना घडते. भरतीच्या पाण्याची एवढ्या काळाची ये-जा थांबते. आतलं खाजण उन्हाने तडकतं, त्यावर गवत येतं, मग रस्ते, मग घरं. ताडदेव, भायखळा, महालक्ष्मीच्या आजूबाजूचा सखल भाग असा वर आला. ‘वर आला’ म्हणायचं इतकंच, कारण जमिनीची उंची होती तेवढीच राहिली. समुद्र बाहेर अडला. पण मलबार हिलवरून, माझगावच्या डोंगरावरून उतरणारा पाऊस पूर्वीसारखाच याच बशीत येऊन साचतो. खिंड उघडी होती तोवर सुकतीला पाणी ओढून घेतलं जायचं. आता उधाणाच्या वेळी बाहेरचा समुद्र आतल्या जमिनीपेक्षा उंच असतो. गटाराचं तोंड उघडं ठेवलं तर समुद्र आत येतो, बंद केलं तर पाऊस आत राहतो. हाजी अलीला आणि वरळीच्या लव्हग्रोव्हला प्रचंड पंप बसवावे लागले, ते यासाठी.

१८१७. गोदीत या. सुरतेहून १७३६मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने इथे जहाजबांधणीचा पाया घातला, १७५०मध्ये सुकी गोदी झाली आणि आता मलबारी सागवानाची ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरते आहे. सागवानाला वाळवी सहजी लागत नाही, खाऱ्या पाण्यात ते वर्षानुवर्षं टिकतं. हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. त्याचं आधीचं भावंड ‘कॉर्नवॉलिस’, तेही मुंबईचंच. अफूच्या युद्धानंतर १८४२मध्ये चीनवर लादलेल्या नानकिंगच्या तहावर त्याच्याच डेकवर सह्या झाल्या. मुंबईच्या शेठांच्या हवेल्यांत माळव्याच्या अफूचा पैसा आहे, तो वगळून या शहराची श्रीमंती सांगता येत नाही.

कुलाब्याच्या टोकाला मात्र थोडं रेंगाळा. १८४०चं दशक चालू आहे, रात्र आहे, पाऊस कोसळतो आहे. वेधशाळेत दिवा जळतो आहे आणि मिसरूडही न फुटलेला एक मुलगा उपकरणांवरचे आकडे वहीत उतरवतो आहे. हा अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे. पुढे महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणून ओळखेल, टिळक त्यांच्याकडे गणित शिकतील. सध्या ते प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली वारा, उष्मा, हवेचा दाब आणि चुंबकसुईची हालचाल टिपत आहेत. त्यांच्या खांद्यावरून वहीत डोकावा. या बंदराच्या हवेबद्दल सगळे बोलतात. ती मोजायला, रोज आणि न चुकता मोजायला, इथे सुरुवात झाली. पुढे शतक संपता संपता या वेधशाळेची सूत्रं पहिल्यांदा एका भारतीयाच्या, नानाभाई मूस यांच्या हाती येतील. शहरात विजेच्या ट्रामचं घाटत असेल, तिच्याने चुंबकसुई थरथरेल, म्हणून मूस १९०४मध्ये चुंबकीय निरीक्षणं खाडीपलीकडे अलिबागला हलवतील. पाऊस मोजणं कुलाब्यालाच राहील. ते आकडे आपल्याला शेवटी लागणार आहेत.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटते, ती लांबूनच पाहा. १८५६मध्ये ताडदेवला कावसजी दावरांची कापडगिरणी सुरू होते. १८६०मध्ये मिठी नदीच्या वरच्या अंगाला बांध घालून केलेल्या विहार तलावाचं पाणी नळाने शहरात येतं. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटते, लँकेशायरला तिथला कापूस मिळेनासा होतो आणि मुंबईवर सोनं बरसतं. बॅकबे भरून काढायच्या कंपनीचे शेअर्स लोक डोळे मिटून घेत सुटतात, अजून समुद्रातच असलेल्या जमिनीवर भाव लावतात. १८६५मध्ये युद्ध संपतं आणि त्या उन्हाळ्यात निम्मी पेढी-बाजारपेठ झोपते. याच धामधुमीत गोव्याकडचे गोविंद नारायण माडगावकर या शहराचं मराठीतलं पहिलं पुस्तक, ‘मुंबईचे वर्णन’, १८६३मध्ये छापतात. मुंबईवर प्रेम असलेल्या प्रत्येकाने ते एकदा वाचावं.

१८६९मध्ये सुएझचा कालवा उघडतो. वाफेच्या जहाजाला आता वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. पण त्याला खोल धक्का लागतो, आणि तोही बाराही महिने. १८७३मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन होतो, प्रिन्सेस डॉकचं खोदकाम सुरू होतं. तुम्ही खणणाऱ्यांसोबत खड्ड्यात उतरला आहात. वरचा गाळ निघाला, त्याखालची निळसर चिकणमाती निघाली. मग कुणाच्या तरी कुदळीला लाकूड लागतं. बुंधा उभा आहे आणि मुळं खालच्या जमिनीत घट्ट आहेत. बाजूला दुसरा, मग तिसरा. शेकडो झाडं निघतात, बरीचशी खैराची, आणि तीही सुकतीच्या रेषेच्या कितीतरी खाली. तुमचं रान. मजूर क्षणभर थांबतात, मुकादम ओरडतो, काम पुन्हा चालू होतं. १८८०मध्ये गोदी पाण्याने भरते. या बंदराच्या उंबरठ्यातच जमीन पाण्याखाली गेल्याचा पुरावा उभा होता, अभियंत्यांनी त्याची रीतसर नोंदही केली, आणि शहर त्यानंतरही समुद्रसपाटीलगतची जमीन बनवत राहिलं. माणसाचं आयुष्य साठ-सत्तर वर्षांचं, म्हणून समुद्राची चाल त्याला दिसत नाही. पण खुणा डोळ्यांपुढे असताना त्यांच्याकडे पाठ फिरवायची सवय याच शहराला लागली.

सप्टेंबर १८९६, मांडवी. धान्याच्या वखारी, वखारींवर चाळी, खोलीत दहा-बारा माणसं, जिन्याखाली मेलेले उंदीर. गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस एका रोग्याची काखेतली गाठ तपासतात आणि प्लेगचं निदान करतात. लवकरच तुम्हाला बोरीबंदरला पाय ठेवायला जागा मिळत नाही. लाखो लोक गाडीने, पडावाने, पायी गाव गाठायला निघाले आहेत, आणि त्यांच्यासोबत रोगही देशावर नि कोकणात उतरतो आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन लस तयार करतात आणि जानेवारी १८९७मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतात.

प्लेग पसरतो तो उंदरावरच्या पिसवांमुळे. कारभाऱ्यांना मात्र अजून वाटतं की कोंदटलेली हवाच माणसं मारते. म्हणून १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होतो आणि दाट वस्ती चिरून रुंद रस्ते काढले जातात. पश्चिमेचा समुद्रवारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट कापली जाते. दादर-माटुंगा आखले जातात. कारण चुकीचं होतं. पण उजेड-वारा मोजून घरं बांधायचा विचार शहरात तेव्हाच शिरला, आणि दादरच्या हिंदू कॉलनीतल्या झाडांखालून चालताना तो आजही पटतो. ज्यांची घरं त्या रस्त्यांसाठी पडली, त्यातल्या कित्येकांना या नव्या वस्तीचं भाडं परवडणारं नव्हतं, हेही तितकंच खरं.

१४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज दोन दिवसांपूर्वी धक्क्याला लागलंय. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, सोन्याच्या विटा, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गासड्या. असा माल एकत्र भरायचा नसतो, हे धक्क्यावरच्या साध्या हमालालाही ठाऊक आहे. दुपारी धूर दिसतो. बंब येतात, पाण्याचे झोत सुटतात, धक्क्याचा दगड तापतो. तुम्ही मशीद बंदरच्या बाजूला निघा. आताच निघा. ४ वाजून ६ मिनिटांनी जमीन हलते. जळत्या गासड्या आकाशातून वस्त्यांवर पडतात. अर्ध्या तासात दुसरा स्फोट होतो. शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान पाण्याचे पाइप हातात धरून मेले, म्हणून देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं सोन्याची एखादी वीट हाती लागायची, ती गोष्ट सगळे चवीने सांगतात. मला वाटतं, आधी त्या ६६ जणांची सांगावी.

तीन वर्षांनी, १७ जुलै १९४७. आषाढ अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीत चढू नका. सणाला घरी निघालेल्या चाकरमान्यांनी ती खचाखच भरली आहे. बाहेर पडल्यावर वादळी पाऊस गाठतो, काशाच्या खडकाजवळ बोट कलंडते आणि सहाशेहून अधिक माणसं बुडतात. रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतून जमतील तेवढी वर काढली. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जायचं नाही, ही किनाऱ्याची रीत. कोळी ती पाळतात. शहराला घाई असते.

मग बंदरच पलीकडे सरकतं. कंटेनर आले, त्यांना मोकळी जागा हवी. १९८९मध्ये न्हावा-शेवा सुरू होतं आणि जुन्या गोद्यांमधली वर्दळ ओसरते. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्याही हळूहळू थंडावलेल्या असतात. शहर वाढत राहतं ते उत्तरेकडे, साष्टीच्या नद्या-खाड्यांवर. मिठीच्या मुखाशी खाजणं भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहतं. विमानतळापाशी नदीला धावपट्टीखालून वाट काढावी लागते.

२६ जुलै २००५च्या दुपारी तुम्ही कलिन्यात आहात. पाणी घोट्यापर्यंत होतं, बघता बघता कमरेला आलं. विहार-पवईतून मिठी फुगून येते आहे, समोरून माहीमच्या खाडीतली भरती तिला आत ढकलते आहे. बसच्या टपावर माणसं बसली आहेत. अनोळखी बायका खिडकीतून चहा नि बिस्किटं देतात, शेजारचा दोर धरून मुलांना पलीकडे नेतो. त्या रात्री मुंबई माणुसकीने वागली, हे मान्य करूनही सांगायला हवं की शहरात चारशेहून अधिक माणसं गेली. आता कुलाब्याच्या वहीतला आकडा पाहा: त्या चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस, सांताक्रूझला ९४४. एकाच शहरात, पंचवीस किलोमीटरच्या आत. म्हणजे मुंबईचा पाऊस सरासरीने मोजून भागत नाही. वेळ भरतीची असेल आणि वाट बुजलेली असेल, तर कुठलाही ढग कुठल्याही वस्तीवर तेच करू शकतो.

तुम्ही परत आजच्या दिवसात आला आहात. बेटांवर भरण्यासारखी खिंड आता उरलेली नाही. भांडुप, कांजूरमार्ग, मुलुंड, वडाळ्याकडची मिठागरं आणि खाडीकाठची तिवरं ही पाण्याला पसरायला उरलेली अखेरची मोठी सखल जागा. उधाणाच्या दिवशी पावसाचं पाणी तिथे काही तास थांबतं, आणि तेवढ्या तासांवर आजूबाजूच्या लाखो लोकांची घरं कोरडी राहतात. २०२४मध्ये यातली काही मिठागरं धारावीच्या पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायचं ठरलं. घरं हवीत, धारावीच्या माणसाला तर आधी हवीत. पण भरतीच्या रेषेखाली नकोत. बंदराच्या ओस पडलेल्या वखारी, बंद गिरण्यांची उरलेली आवारं, अशी पडून असलेली जमीन शहरात अजून आहे. आपल्या भागाचा विकास आराखडा पालिकेच्या कार्यालयात पाहायला मिळतो, त्यावर हरकत नोंदवायचा हक्क प्रत्येक रहिवाशाला आहे. पुढच्या वेळी आराखड्यातल्या बदलाची सूचना निघेल तेव्हा तो हक्क वापरा, आणि पावसाळ्याआधी वापरा.